रोजंदारीचा खेळाडू

लोद येथील एका भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. पत्र सहा पानांचे असून त्यांतील साडेचार पाने तिच्या थोरल्या चिरंजीवांविषयी आहेत. वय २२, सैन्यातील सेवा आटोपलेली, अंगाने काटक, स्वभावाने अबोल. लहानपणापासून त्याला बर्फावरील हॉकीचे वेड. आता युरोपातील एका लहानशा गावच्या संघाने त्याला एका हंगामापुरते बोलाविले आहे. राहण्यास खोली, दोन वेळचे जेवण, आणि महिन्याकाठी जे काही देणार त्यात आपल्याकडे अर्ध्या घराचे भाडेही भागावयाचे नाही. वडील म्हणतात, 'खेळ हा का धंदा झाला? विजेचे काम शिकला आहे, ते करावे.' मुलगा काहीच बोलत नाही. रात्री आपल्या स्केटच्या पात्यांना धार लावीत बसतो. 'तुम्ही शिक्षकाच्या पेशातील, तुम्हीच त्याला चार शब्द सांगा,' असे त्या माउलीने लिहिले आहे. आणि शेवटी ता. क. म्हणून एक ओळ: 'तुमच्या वडिलांच्या रास तनुराच्या अर्जाची हकीकत माझी आई सांगत असे. ती ह्या मुलाच्या कानावर घालावी असे फार वाटते.'

त्या अर्जाकडे आम्ही येऊच. परंतु प्रथम ह्या धंद्याविषयी. कारण वडिलांचा प्रश्न रास्त आहे, आणि ज्या गोष्टीला आपण हो किंवा नाही म्हणणार ती काय आहे हे निदान ठाऊक असावे.

आपल्यापैकी मुंबईत वाढलेल्यांना हॉकी म्हटले की आगाखान स्पर्धा आणि मैदानावरची धूळ आठवते. ही हॉकी निराळी. दोन्ही बाजूंचे सहा सहा गडी, त्यांपैकी एक गोलरक्षक. पायांत पोलादी पात्यांचे बूट. चेंडूच्या जागी कडक रबराची चकती, तीन इंच रुंद व एक इंच जाड. वीस वीस मिनिटांचे तीन डाव. पुढल्या फळीत तिघे, मध्ये एक आणि दोन बगलांना दोन. हे तिघे जीव तोडून धावतात ते जेमतेम पाऊण मिनिट. मग कठड्यावरून उडी मारून बाहेर येतात आणि दुसरे तिघे आत जातात. अशा चार तुकड्या असतात. पहिल्या तुकडीची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. चौथ्या तुकडीने आत जावे, प्रतिस्पर्ध्याला धक्के देऊन दमवावे, गोल खाऊ नये आणि मुकाट्याने बाहेर यावे. आम्ही ज्याच्याविषयी लिहीत आहोत तो ह्या चौथ्या तुकडीतला, अथवा जो आज चौथ्या तुकडीत आहे आणि उद्या खालच्या संघात असेल असा गडी.

अशा गड्याला इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणतात. ह्या शब्दात प्रवास आहे, गावोगाव फिरतो म्हणून जर्नीमन, असे आम्ही एकदा भर वर्गात सांगून मोकळे झालो होतो. पुढे कोश उघडला तेव्हा खजील झालो. मूळ फ्रेंच शब्द दिवसाचा, दिवसभराच्या कामाचा. उमेदवारी संपलेला, काम पुरते अवगत असलेला, परंतु स्वतःचे दुकान नसलेला आणि म्हणून दुसऱ्याच्या दुकानात रोजावर राबणारा जो कारागीर, तो जर्नीमन. म्हणजे रोजंदारीचा माणूस. कसबात उणा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. उणी असते ती मालकी. कोकणात तेलाच्या घाण्यावर दिवस काढलेल्या आणि पुढे मुंबईत गिरण्या, गोदी व रेल्वेत पाळ्या केलेल्या आपल्या पूर्वजांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसता.

आपल्या भारतीयांपैकी ह्या मार्गाने गेलेले पहिले गृहस्थ म्हणजे रॉबिन बावा. जन्म १९६६, कॅनडाच्या पश्चिम टोकास व्हँकुव्हर बेटावरील डंकन ह्या गावी. त्या भागात पंजाबी शीख लाकूडगिरण्यांत कामाला येऊन वसले. मायो सिंग नावाच्या गृहस्थांनी १९१७ साली तेथे गिरणी काढली आणि त्या वस्तीस पुढे पंजाबातील आपल्या पाल्दी गावाचे नाव दिले. ह्याच किनाऱ्यावरून १९१४ साली कोमागाता मारू ही आगबोट उतारूंसह परत लावण्यात आली होती, आणि ह्या प्रांतात भारतीयांस मताचा हक्क मिळावयास १९४७ साल उजाडले. अशा ठिकाणच्या मुलाने बर्फावरच्या हॉकीत नाव काढावे हे सोपे नव्हते. बावा उजव्या बगलेस खेळत. कॅमलूप्स येथील कुमारांच्या संघातून १९८६-८७ च्या एकाच हंगामात त्यांनी ५० हून अधिक गोल केले. इतके गोल करणाऱ्या पोराला मोठे संघ डोक्यावर घेतील असे कोणासही वाटेल. तथापि नवे गडी निवडण्याच्या वार्षिक निवडीत त्यांचे नाव कोणी पुकारले नव्हते. वॉशिंग्टनच्या संघाने त्यांना पुढे मोकळा गडी म्हणून करारावर घेतले, आणि १९८९ साली ते नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळलेले पहिले भारतीय वंशाचे खेळाडू ठरले.

आता हिशेब पाहा. वॉशिंग्टनकडून ५ सामने. मग १९९१ मध्ये रोख रकमेच्या बदल्यात व्हँकुव्हरकडे रवानगी. तेथे २ सामने. डिसेंबर १९९२ मध्ये दुसऱ्या एका गड्याच्या मोबदल्यात सॅन होजेकडे, तेथे ४२. हा सॅन होजेचा संघ त्या हंगामात ८४ पैकी ७१ सामने हरला, असा संघ. पुढल्या वर्षी ॲनहाइम येथे नवा संघ निघाला, त्याने इतरांचे गडी वेचले त्यांत हे गेले, तेथे १२. एकूण सामने ६१, गोल ६, साहाय्य १. कुमारपणी एका हिवाळ्यात ५० हून अधिक गोल करणाऱ्याने साऱ्या आयुष्यात वरच्या लीगमध्ये सहाच गोल केले. मग उरलेली वर्षे? बाल्टिमोर, फोर्ट वेन, मिलवॉकी, कॅन्सस सिटी, सॅन डिएगो, कॅलामाझू, सॅन फ्रान्सिस्को: ही सारी खालच्या लीगांतील गावे. प्रत्येक मोठ्या संघाचा खाली एक पोटसंघ असतो. वर कोणाचे हाड मोडले की खालच्याला सकाळी दूरध्वनी येतो, 'पेटी भर'. वरचा बरा झाला की तोच दूरध्वनी उलट दिशेने येतो. गोल करण्याचे काम ज्यांना दिले होते ते दुसरे होते. ह्यांना दिलेले काम धक्काबुक्कीचे, आणि प्रसंगी हातघाईचे. वर्णावरून शिव्याही ऐकाव्या लागल्या, हे त्यांनी नंतर सांगितले आहे. १९९९ साली डोक्याला झालेल्या दुखापतीपायी त्यांनी बूट उतरविले.

एवढ्यावरून वडीलमंडळी म्हणतील, 'पाहिलेत? आमचे तेच म्हणणे.' थोडे थांबावे. ह्या लीगमध्ये आज ३२ संघ आहेत आणि एका संघात २३ गडी. म्हणजे साऱ्या पृथ्वीवरील साडेसातशेंच्या आसपास माणसे. त्या पंक्तीत ६१ वेळा बसलेला माणूस आपल्या कसबात कच्चा होता असे कोणी म्हणू नये. बावांनंतर मॅनी मल्होत्रा आले. वडील भारतीय, आई फ्रेंच कॅनेडियन. १९९८ च्या निवडीत त्यांचे नाव सातवे पुकारले गेले. ते ९९१ सामने खेळले, तेही सात निरनिराळ्या संघांतून. मार्च २०११ मध्ये चकती डोळ्यावर बसून दृष्टीस कायमची इजा झाली, तरी जूनमध्ये अंतिम फेरीत पुन्हा बर्फावर उतरले. आणि जुझार खैरा, अर्शदीप बैन्स ही पुढली नावे तर आमच्या वाचकांच्या नातवंडांना आमच्याहून अधिक ठाऊक असतील. २००८ पासून कॅनडात ह्या खेळाचे समालोचन पंजाबीतून सुरू झाले. बावांच्या वेळी ह्यांतले काही नव्हते.

परंतु लोदच्या मुलाला बावांचा मार्ग मोकळा नाही. तो कॅनडात वाढलेला नाही. त्याच्याजवळचा नमुना दुसरा आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे.

इस्रायल हा देश बर्फावरील हॉकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत १९९१ साली शिरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात रेहोवोथ येथे एलिएझर शेर्बातोव्ह ह्यांचा जन्म झाला. (आडनाव ऐकून आमच्या वर्गातील मुलांना सरबत आठवले, आणि मग पाच मिनिटे वर्ग हातचा गेला.) आईवडील सोव्हिएत देशातून आलेले, मूल अगदी लहान असतानाच ते कॅनडात माँट्रियलजवळील लाव्हाल येथे गेले. तेथे मुलगा बर्फावर वाढला. चौदाव्या वर्षी चाकांच्या खेळात अपघात होऊन डाव्या पायाची नस दुखावली. गुडघ्याखाली पाऊल उचलण्याची शक्ती गेली. डॉक्टरांनी सांगितले, खेळ संपला. स्केटिंगमध्ये सारा भार पावलाच्या कडेवर तोलावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या निदानात काही वावगे नव्हते. परंतु बर्फावरचा बूट घोट्यापर्यंत कडक असतो. जमिनीवर लोंबकळणारे पाऊल त्या बुटात घट्ट आवळले की उभे राहते. हा माणूस रस्त्यावर लंगडत चाले आणि बर्फावर धावे.

तरीही मोठ्या लीगचे दार त्यांना उघडले नाही. मग त्यांनी जे केले ते सारे रोजंदारीचे खेळाडू करतात: जेथून बोलावणे येईल तेथे जावे. फ्रान्समध्ये नई-स्युर-मार्न येथे खेळले. कझाकस्तानात अतिराऊ येथे खेळले. हे उराल नदीच्या मुखाजवळचे, कास्पियन समुद्राच्या बाजूचे, खनिज तेलावर जगणारे शहर. २०१७ मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या संघातून, रशिया व शेजारच्या देशांच्या काँटिनेंटल हॉकी लीगमध्ये खेळणारे ते पहिले इस्रायली झाले. आणि मध्यंतरी दर वसंतात इस्रायलच्या राष्ट्रीय संघासाठी येत, त्याचे कर्णधारही झाले. ह्या राष्ट्रीय संघाचा खेळ जगाच्या खालच्या पायऱ्यांवरचा. २०११ मध्ये केपटाउन येथे तिसऱ्या श्रेणीत पहिले येऊन वर चढले, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी त्याला फारशी जागा दिली नाही.

२०२० साली त्यांनी जो करार केला त्याला मात्र जागा मिळाली. संघाचे नाव उनिया, गाव पोलंडमधील ओश्विएंचिम. जर्मनांनी ह्याच गावाला आउशविट्स म्हटले. खेळाच्या दृष्टीने हा संघ लहान नव्हे. १९९८ ते २००४ अशी सलग सात वर्षे त्याने पोलंडचे अजिंक्यपद राखले होते. युद्धापूर्वी त्या गावात निम्म्याहून अधिक वस्ती ज्यूंची होती, आणि यिद्दिश बोलणारे ते लोक गावाला प्रेमाने ओशपित्सिन म्हणत. त्यांच्यातील अखेरचा रहिवासी २००० साली वारला. अशा गावच्या संघाचा सदरा एका इस्रायलीने पगारासाठी अंगात घालावा काय, ह्यावर पुष्कळ वाद झाला. एका धर्मगुरूंनीही नापसंती व्यक्त केली. शेर्बातोव्हांचे म्हणणे असे की, ह्याच ठिकाणी मी ज्यू म्हणून उघडपणे खेळेन आणि आपल्या लोकांना त्याचा अभिमान वाटेल असे खेळेन.

आम्ही त्या वेळी घरी काय बोललो ते लपवीत नाही. आम्ही म्हटले, हा पोटाला आलेला माणूस, मागाहून कारण शोधतो आहे. आज आम्हांस तसे ठामपणे म्हणवत नाही. पोटासाठी गेला हे खरेच. परंतु पोटासाठी गेलेल्या माणसाने नाव खाली ठेवून जाण्याची वाट असते, ती त्याने घेतली नाही. पाठीवर आडनाव आणि तोंडी एलिएझर.

पुढल्या हंगामात ते युक्रेनमधील मारियुपोल येथे गेले, तेथेही कर्णधार झाले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे युद्ध सुरू झाले तेव्हा संघ आपल्या गावी नव्हता, द्रुझकिव्का ह्या दुसऱ्या गावी मुक्कामास होता. तेथून माणसांनी खच्चून भरलेल्या आगगाडीने ते पश्चिमेस ल्विव्हपर्यंत पोहोचले, आणि इस्रायली अधिकाऱ्यांच्या साहाय्याने पोलंडच्या हद्दीत आले. एका हंगामापूर्वी ज्या देशात ते वादाचे कारण झाले होते, त्याच देशाच्या सीमेवर त्यांची सुटका झाली.

आता रास तनुरा.

सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्रात शिरलेली वाळूची एक अरुंद जीभ आहे. रास म्हणजे भूशिर. तनुरा ह्याचा संबंध भट्टीशी लावतात, आणि आपल्या हिब्रूतील तनूर व हिंदुस्थानातील तंदूर ही त्याचीच भावंडे. तेथे अरामको कंपनीचा तेलशुद्धीकरणाचा कारखाना १९४५ साली सुरू झाला, आणि पुढे तेलवाहू जहाजांचे ते मोठे बंदर झाले. आमच्या लहानपणी उमरखाडीच्या चाळीत आमच्या शेजारी कोकणातील एक मुसलमान कुटुंब राहत असे. त्यातील चाचा तेथे पाइप-फिटर होते. दोन वर्षांचा करार, मग दोन महिने रजा, पुन्हा करार. चाचीला वाचता येत नसे, म्हणून पत्र आले की आम्हांस हाक येई. आम्ही मोठ्याने वाचीत असू: दोन्ही बाजूंना समुद्र आहे, रात्रीही कारखान्याच्या ज्वाळेचा उजेड असतो, दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही, ४१२ दिवस उरले, धाकट्याला गणित शिकवा. दर पत्रात उरलेल्या दिवसांचा आकडा असे. ते रजेवर येत तेव्हा टू-इन-वन, निडोचे डबे आणि नायलॉनच्या साड्या येत, आणि आठवडाभर चाळीत त्यांच्याखेरीज दुसरा विषय नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे वडील एका गिरणीत बॉयलर-फिटर होते. पहिले दोन महिने, आता मिटेल, आता मिटेल, ह्यात गेले. पावसाळ्यात आईच्या बांगड्या गेल्या. चाचा रजेवर आले होते. त्यांनी आपण होऊन वडिलांना सांगितले, 'तुझ्या हाताचे काम तिथे हवे आहे, शलोमभाई. पगार इथल्या कैक पट.' ते वडिलांना एका दलालाकडे घेऊन गेले. दलालाने कसब विचारले, दाखले पाहिले, मान डोलाविली, आणि अर्जावरील धर्माच्या रकान्यावर बोट ठेवले. ज्यूला त्या देशात प्रवेश नव्हता. मग तोच म्हणाला, 'त्यात काय? आडनावाच्या शेवटी कर आहे. कोणाला कळणार? शलोमचा सदाशिव करा. पासपोर्टाचेही पाहून घेऊ.'

वडिलांनी तो कोरा अर्ज घरी आणला. आठ दिवस तो ट्रंकेत आईच्या लग्नाच्या शालूखाली होता. आम्ही तेव्हा १२ वर्षांचे. रात्री आईवडिलांचे हळू बोलणे कानी येई, शब्द कळत नसत. नवव्या दिवशी वडिलांनी तो चाचांना परत दिला. चाचांना वाईट वाटले, कारण त्यांनी खटपट मनापासून केली होती. पण ते रागावले नाहीत. वडिलांनी ह्याचे कारण आम्हांस पुढे कधीही सांगितले नाही. आई मात्र एकदा, बऱ्याच वर्षांनंतर, बीरशेबाच्या घरी बोलली, की त्यांनी तिला एवढेच विचारले होते: 'मी तिथून पत्र टाकले, तर खाली कोणाचे नाव लिहू?'

ही हकीकत आपल्या मंडळींत फार गोड करून सांगितली जाते, म्हणून दुसरी बाजूही लिहून ठेवतो. त्या नकाराची किंमत वडिलांनी दिली नाही, आईने दिली. पुढले दीड वर्ष तिने परकर आणि पोलकी शिवली, दिव्याच्या उजेडात, आणि तिची दृष्टी त्यात गेली. आमच्या थोरल्या भावाचे शिक्षण थांबले ते कायमचे. बीरशेबास आल्यावर तो म्हणत असे, बापूंनी सदाशिव व्हायला हवे होते. दोन वर्षांचा तर प्रश्न होता. तो हे चिडून म्हणत असे, पण मूर्खपणाने नव्हे.

गेल्या शब्बाथानंतरच्या संध्याकाळी लोदचा मुलगा आमच्याकडे आला. हातात डबा, आईने पाठविलेल्या पुरणपोळ्या. बोलता बोलता समजले की लहानपणी चाकांच्या बुटांवर शिकून मग तो बसने मेतुला येथील कॅनडा सेंटरच्या बर्फावर जाई. देशाच्या पार उत्तर टोकास, जाऊन येऊन सारा दिवस, आणि बर्फावर दीड तास. आम्ही करार पाहावयास मागितला. दोन पाने. पेशाने शिक्षक असल्याने आम्हांस लाल शाईचा मोह आवरत नाही: हाड मोडले तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे लिहिलेले नाही. परतीचे तिकीट कोण काढणार, तेही नाही. हंगाम अर्ध्यावर असताना संघाने काढून टाकले तर खोली किती दिवस राहील, हे तर नाहीच. ह्या तीन गोष्टी लेखी मागाव्या, आणि मिळाल्या नाहीत तर जाऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगितले. विजेच्या कामाचा परवाना चालू ठेवावा, हेही सांगितले. डोक्याला मार बसला तर तो लपवून पुढला सामना खेळू नये, हे दोनदा सांगितले. बावांचे शेवटचे वर्ष त्याला ठाऊक नव्हते.

मग त्याने खिशातून तिसरा कागद काढला. हा संघाचा नव्हे, मध्यस्थाचा: खेळाडूच्या माहितीचा तक्ता, जो संघाच्या कार्यक्रमपत्रिकेत छापावयाचा. उंची, वजन, उजवा की डावा, जन्मस्थान, देश. मध्यस्थाने निरोप दिला होता की सध्याचे दिवस पाहता देशाच्या रकान्यात आजोबांचा देश भारत लिहावा आणि जन्मस्थान कोरे ठेवावे. प्रेक्षकांच्या घोषणा, दुसऱ्या गावचे सामने, उगाच कशाला? आडनावावरून काही कोणाला कळावयाचे नाही.

आम्ही त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिलो. मग वडिलांच्या अर्जाची हकीकत सांगितली, भावाचे म्हणणे धरून. आजोबांचा देश भारत, हे खोटे नाही, हेही बोललो. सदाशिव आणि हे एकच नव्हे. ह्या मुलाला कोणी प्रवेश नाकारलेला नाही, आणि रात्री परक्या गावात एकटा तो चालणार आहे, आम्ही नव्हे. तेव्हा त्याने काय लिहावे हे आम्ही सांगितले नाही. भगिनी, आपण ज्यासाठी त्याला पाठविले ते आमच्याकडून अर्धेच झाले, ह्याची आम्हांस जाणीव आहे.

त्याने सारे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला. 'अर्ज परत दिल्यावर त्या महिन्यात तुमच्या घरी जेवायला काय होते?'

आम्ही सांगितले: भात, आणि सुक्या बोंबलाचे कालवण, आणि पंधरवड्यातून एकदा चाची पिठाचा डबा ठेवून जाई, रिकामा परत मागत नसे. रास तनुराच्या पैशांचे पीठ.

तो थोडे हसला. मग आमच्याच टेबलावरचे पेन घेऊन त्याने जन्मस्थानाच्या रकान्यात लोद लिहिले, देशाच्या रकान्यात इस्रायल लिहिले, आणि त्याच कागदाच्या पाठीवर आमच्या तीन अटी इंग्रजीत उतरवून काढल्या. रविवारी सकाळी ते सर्व त्याने मध्यस्थाकडे पाठविले, असे त्याच्या आईने दूरध्वनीवर कळविले. वडिलांना अजून सांगितलेले नाही. हा अंक छापावयास जाईपर्यंत उत्तर आलेले नाही.